पाळण्याला अळशीचं तेल

सागाला खोबरेल लावू नये, एवढी एकच गोष्ट मी सासरी आल्यावर पहिल्या वर्षात तोंड उघडून बोलले. बाकी सगळ्याला "बरं" म्हणत गेले.

सासर खालापूर तालुक्यात, कर्जतहून चौककडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, भाताच्या खाचरांमधलं गाव. मी कर्जतच्या बाजारातली. माझे वडील फर्निचरला पॉलिश करायचे. नेरळचे, माथेरानचे बंगलेवाले त्यांना बोलावून नेत, आणि एरवी खुर्च्या-टेबलं आमच्याच पडवीत येऊन पडत. चपडीच्या लाखेचा आणि स्पिरिटचा वास हाच माझ्या लेखी घराचा वास होता. आईला तो सोसत नसे. तिला बहुतेक वेळा दिवस राहिलेले असत आणि वास आला की ती मागच्या दाराशी जाऊन बसे. मी थोरली. माझ्या कडेवर कुणी ना कुणी असायचंच. एक चालायला लागलं की दुसरं यायचं. वडिलांच्या शेजारी काचकागद घेऊन बसायला मिळालं की मला सुट्टी लागल्यासारखं वाटायचं, म्हणजे एका हाताने पाठीमागच्याला थोपटायचं आणि दुसऱ्या हाताने खुर्चीचा पाय घासायचा. "रेषेच्या अंगाने घास," वडील म्हणायचे. "आडवं घासशील तर पॉलिश मारल्यावर तेवढंच दिसत राहतं."

सासरी सागाच्या तीन वस्तू होत्या, तिन्ही एकाच झाडाच्या. यजमानांच्या आजोबांच्या बांधावरचा साग वादळात आडवा झाला आणि त्याचा एक पलंग, एक दोन दारांचं कपाट आणि एक पाळणा झाला. पलंगावर भाताची पोती रचलेली असत. कपाटात लोणच्याच्या बरण्या. पाळणा मात्र माजघरात, कड्या काढून, जुनं लुगडं पांघरून भिंतीशी ठेवलेला. त्याला सासूबाई दर सणाला खोबरेल चोळत. वर्षानुवर्षांच्या त्या तेलाचा काळपट, चिकट थर बसला होता. त्यावर धूळ, पावसाळ्यात धुळीवर बुरशी, आणि बाराही महिने मुंग्या.

"आई, याला खोबरेल नको," मी म्हटलं. "अळशीचं तेल लागतं."

"पोरांच्या टाळूला खोबरेल चालतंय," त्या म्हणाल्या, "आन् लाकडाला नाय चालत?"

पण त्यांनी अडवलं नाही. मी माहेरून टर्पेंटाइन आणि अळशीचं तेल आणलं. आधी नुसत्या टर्पेंटाइनच्या फडक्याने तो थर काढला. एकेक दांडी, एकेक नक्षीचा खळगा. मग दोन दिवस सावलीत वाळवला, कारण उन्हात ठेवला असता तर सांधे उघडले असते. मग अळशीचं तेल आणि टर्पेंटाइन एकत्र करून, अगदी पातळ हात दिला आणि जे लाकडाने प्यायलं नाही ते पुसून काढलं. तेल लावण्यापेक्षा पुसणं महत्त्वाचं. पुसलं नाही तर अळशीसुद्धा खोबरेलासारखीच चिकटते. चिंध्या मी कुंपणावर एकेक पसरून वाळत घातल्या. सासूबाईंनी विचारलं, चिंध्या कशाला वाळवतेस? बोळा करून टाकल्या तर आपोआप पेट घेतात, म्हटल्यावर त्या शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या सूनबायच्या म्हायेरी चिंध्यांना पन राग येतो."

थर निघाला तेव्हा खाली मधासारखा रंग होता. एक दांडी तेवढी फिकट, झाडाच्या बाहेरच्या कच्च्या लाकडाची. तिला कीड लागून बारीक भोकं पडली होती. ती मी मेणाने बुजवली. संध्याकाळी सासूबाई पाळण्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या लग्नात पन एवढा चांगला दिसत नव्हता." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या हाताचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. नवी सून, लग्नाला वर्ष होत आलेलं, आणि ती पाळणा घासूनपुसून ठेवते, याचा गावात एकच अर्थ होतो. मला मात्र ते लाकूड आवडलं होतं. पुढे दरवर्षी पावसाच्या आधी मी तिन्ही वस्तूंना तेल देऊ लागले, पण लोकांच्या लक्षात राहिला तो पाळणा.

हा पाळणा तसा साऱ्या गावाचा होता. कुणाकडे मूल झालं की त्या घरचा माणूस येऊन डोक्यावरून घेऊन जायचा आणि मूल रांगायला लागलं की परत यायचा. रिकामा परत करायचा नाही असा रिवाज. आत तांदूळ आणि नारळ ठेवूनच आणायचा. माझं लग्न झालं आणि सासूबाईंनी तो आत घेतला. सुनेचा पाळणा हलल्याशिवाय हा दाराबाहेर जायचा नाही, म्हणाल्या. वाट बघणाऱ्या घरातून पाळणा बाहेर गेला की मूलही त्या दुसऱ्या घरी जातं, असं आमच्याकडे मानत. सगळ्यांना ते पटलं. पहिली दोन-तीन वर्षं पटलं. मग विहिरीवर कुणी तरी म्हणायला लागलं, "पाळना काय देव्हाऱ्यात बसवलाय का गं?" बायका लुगड्याची झोळी बांधून मुलं जोजवत होत्या. मी हंडा भरून घरी यायचे.

आणखी एक झालं. सासूबाईंनी मासळी सोडली. मुलाच्या मुलाचं तोंड बघेपर्यंत मासळी खाणार नाही, असा नवस बोलल्या. भाताच्या गावात, पावसाळ्यात, सुकट-बोंबलाशिवाय जेवण म्हणजे काय हे आमच्या भागातल्या माणसालाच कळेल. त्या आम्हाला बोंबील भाजून वाढत आणि स्वतः चटणी-भाकर घेऊन पाठ करून बसत.

आता जे मी एवढी वर्षं कुणाला सांगितलं नाही ते सांगते. लग्नाला तिसरं की चौथं वर्ष असताना मी कर्जतला डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, मुंबईला लहानसं ऑपरेशन करून घे, होईल. मी एस.टी.त बसून परत आले. सासूबाई ओट्यावर वाट बघत होत्या. मी म्हटलं, "बाई म्हणाल्या, वाट बघा."

दुसऱ्या दिवशी शेतावर भाकर घेऊन गेले तेव्हा यजमानांना खरं सांगितलं. ते खोपोलीला कारखान्यात कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी शेत बघायचे. त्यांनी हात धुतले, भाकर उघडली, खाल्ली. मग विचारलं, "तुला जायचंय का?"

"नाही."

"मग नको जाऊ." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पण आईला तू सांग हां. मी नाय सांगत."

मीही सांगितलं नाही.

का नव्हतं जायचं? ऑपरेशनची भीती होती असं म्हणता आलं असतं, पण ती नव्हती. मला त्या घरात बरं वाटत होतं. माझ्या कडेवर कुणी नव्हतं. दुपारी भांडी झाली की घर गप्प होई आणि मला त्या गप्पपणाचा कंटाळा कधी आला नाही. आषाढात भिंतींना पाणी सुटलं की कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढायचं, पायांखाली फरशीचे तुकडे सरकवायचे, पांढरी बुरशी कोरड्या फडक्याने पुसायची. ओलं फडकं लावलं की ती वाढतेच. श्रावणात कपाटाचं दार फुगून अडकलं तेव्हा यजमान रंधा घेऊन आले. मी म्हटलं, थांबा, आत्ता रंधलंत तर दिवाळीनंतर फट पडेल. आणि दाराच्या कडेला मेणबत्ती घासून दिली. पलंगावरची पोती हळूहळू ओटीवर गेली, बरण्या फळीवर. पलंगाच्या पायाला एक गाठ होती, डोळ्यासारखी. तेल दिल्यावर ती उघडल्यासारखी वाटायची. असल्या गोष्टींत माझे दिवस भरून जात. लोक मला बिचारी म्हणत आणि मी मान खाली घालत असे, कारण वर बघितलं असतं तर मी बिचारी नाही हे दिसलं असतं.

मग धाकटी नणंद पहिल्या बाळंतपणाला आली. तिला नेरळला दिली होती. होळीनंतर मुलगी झाली, गोरीपान, आवाजाची. खोलीत सासूबाईंनी झोळी बांधली. नणंदेला वाटलं, आत्तापुरती असेल, बारशाला पाळणा निघेल. तिने विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पाळना वयनीचा हाय. तिचं झालं की मंग तुझा दुसरा झोपंल त्यात."

"म्हणजे माझी पोर झोळीत आणि पाळना भिंतीला?"

"बारशाला चौकवरनं आनू."

चौकला भाताचा व्यापार करणारं एक मुसलमान कुटुंब होतं. आमचं भात त्यांच्याकडे जाई, घरोबा होता. त्यांच्याकडे हिरव्या रंगाचा लोखंडी पाळणा होता. त्या घरची बाई लगेच हो म्हणाली. फक्त तिने विचारलं, तुमच्याकडचा सागाचा मोडला का? हे सासूबाईंनी घरी येऊन रागाने सांगितलं. राग कुणावर होता ते त्यांनाही कळत नसावं. स्वतःच्या लेकीच्या लेकीला नाही म्हणत होत्या, माझ्यासाठी.

नणंद मला म्हणाली, "वयनी, तू तेल घाल हां त्याला रोज. चांगला चकाकू दे." मग तोंड फिरवून रडायला लागली. तिचं रडणं पाळण्यासाठी नव्हतं. नेरळची माणसं बारशाला येणार, घरात सागाचा पाळणा भिंतीशी उभा आणि मुलगी मागून आणलेल्या लोखंडी पाळण्यात, हे बघणार. मुलगी झाली म्हणून माहेरीसुद्धा हात आखडला, असंच ती माणसं म्हणणार. "त्यांना आधीच तोंड वाकडं करायला कारन पायजे," नणंद म्हणाली. "आता आमच्याच घरानं दिलंन."

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी यजमान बैलगाडी जोडून चौकला निघाले. सासूबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. यजमानांनी चपला घातल्या, काढल्या, बैलाच्या मानेवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"निघालो मी," म्हणाले.

"थांबा," मी म्हटलं, आणि सासूबाईंच्या समोर जाऊन बसले. "आई, चौकला नका पाठवू. आपलाच बांधू."

"गप गं. तुझ्यासाठी ठेवलाय त्यो."

"मला नको."

"असं बोलू नाय भरल्या घरात."

"मला मूलच नको होतं, आई. डॉक्टरीणबाईंनी तेव्हा ऑपरेशन सांगितलं होतं. होईल म्हणाल्या होत्या. मीच गेले नाही."

सूप थांबलं. कोंबड्या तांदळावर आल्या तरी त्यांनी हाकलल्या नाहीत.

"आन् याला ठावं हाय?"

"हो."

त्यांनी लेकाकडे बघितलं. यजमान गाडीचं चाक पहिल्यांदाच बघितल्यासारखं निरखत होते.

"दोघांनी मिळून," सासूबाई म्हणाल्या. कोंबड्यांना सुपाने हुसकलं. दोन वेळा पाखडलं. मग हात पुन्हा थांबला. "म्हणजे मी मासळी सोडली ती..."

"हो."

"एवढी वर्सं."

"हो, आई."

"बोंबील मी भाजायची, तुमी खायचं, आन् मी वास घेऊन चटनी खायची."

खोलीतून नणंदेचा हसण्याचा आवाज आला. तिला सगळं ऐकू येत होतं आणि तिने तोंडात पदर कोंबला असावा, पण तो पुरला नाही.

"तू हसू नको," सासूबाई ओरडल्या, "पाजताना ठसका लागंल पोरीला." मग माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र भांडणाचा होता. "मंग एवढं तेल कशापायी घालीत व्हतीस गं त्याला? मी म्हनायची, बाय पाळन्याला हात लावते, द्येव बघतोय."

"लाकूड चांगलं आहे, आई."

"लाकूड," त्या म्हणाल्या. मग यजमानांना म्हणाल्या, "उभा काय रायलास? बैल सोड. कड्या कुठं हायत त्या बघ."

कड्या पितळेच्या होत्या, रॉकेलच्या डब्यात सापडल्या. चिंचेने घासल्या. पण माझी खरी पंचाईत निराळी होती. आठवड्यापूर्वीच मी पाळण्याला तेल दिलं होतं आणि अळशी पुरती वाळलेली नव्हती. बोट लावलं की ठसा उमटत नव्हता, पण वास होता. मी दिवसभर पाळणा मागच्या पडवीत वाऱ्याला ठेवला आणि मऊ धोतराच्या फडक्याने पुन्हापुन्हा पुसला, हात दुखेपर्यंत. किडकी दांडी मेण लावूनही भक्कम नव्हती. यजमानांनी ती काढून कपाटाच्या मागची एक पट्टी तासून तिथे बसवली. एकाच झाडाची, त्यामुळे रंगही जुळला. सासूबाई येत-जात होत्या. माझ्याशी बोलत नव्हत्या. लेकीला सांगत, "तिला म्हनावं, गोधडी दुहेरी घाल." मी गोधडी दुहेरी घातली.

बारशाला बायका जमल्या, पाळणे म्हटले, मुलीचं नाव ठेवलं. तेलाच्या वासाने ती तीनदा शिंकली. नेरळची विहीण पाळण्याच्या काठावरून हात फिरवून म्हणाली, "घरचाच ना हा?"

"घरचाच," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या सुनंनं राखलाय."

गावातल्या एका बाईने तिथेच विचारलं, मग सुनेच्या आधी कसा काय काढलात? मी चहाचे कप गोळा करत होते. सासूबाईंनी तिच्याकडे न बघता सांगितलं, "डाक्तरीनबाईंनी आता आशा नाय म्हनून सांगितलं. लाकूड नुसतं पडू देऊन काय करायचं?" सगळ्या माझ्याकडे नेहमीच्या नजरेने बघू लागल्या. सासूबाई माझ्यासाठी खोटं बोलल्या. त्याआधी मी त्यांच्याशी किती वर्षं खोटं बोलत होते, हे त्या अंगणात आम्हा चौघांनाच माहीत होतं. माझ्या मनाला जे डाचतं ते हेच, आणि ते अजून गेलेलं नाही. त्या झोळीतली मुलं आता मोठी झाली, धट्टीकट्टी आहेत, त्यांचं काही अडलं नाही. पण त्यांच्या आयांनी पाळणा मागायला येणं सोडलं होतं, तेही माझ्यामुळेच.

मासळी सासूबाईंनी लगेच सुरू केली नाही. नातीचं तोंड बघितलंत ना, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, ती लेकीची, नवस लेकाच्या पोराचा होता. तो पावसाळा तसाच गेला. मग एके दिवशी मी तव्यावरचा बोंबील यजमानांच्या ताटात टाकायला उचलला, तर सासूबाईंनी आपलं ताट पुढे केलं. मी वाढला. यजमान जेवायचे थांबले. "जेव," त्या त्यांना म्हणाल्या.

आता सासूबाईंना दिसतं कमी. दुपारी त्या सागाच्या पलंगावर बसतात आणि मी पुसत असले की विचारतात, कुठं पोचलीस? मी हे लिहायला घेतलं तेव्हा त्यांना सांगितलं. गावात वाचतील लोक, म्हटलं. त्या म्हणाल्या, "वाचू दे. मासळीचं पन लिव."

पाळणा पुन्हा फिरू लागला त्याला बरीच वर्षं झाली. परत येतो तेव्हा त्याची दशा बघवत नाही. कुणी खेळणं टांगायला लोखंडी खिळा ठोकलेला असतो आणि ओल लागून त्याभोवती काळा डाग पडलेला; लिंबू चोळून तो थोडा उतरतो, सगळा जात नाही. कुठे दुधाचे ओघळ, कुठे काजळाची बोटं. आतले तांदूळ-नारळ काढून मी आठ दिवस त्याच्यामागे असते. सासूबाई म्हणतात, कशाला देतेस मग? आणि कुणी मागायला आलं की त्याच सांगतात, "तिला विचार. पाळना तिचा हाय." हे त्या कौतुकाने म्हणतात की टोमणा मारतात, ते मी विचारलेलं नाही.

परवा एक तरुण आला. विहिरीवर बोलणाऱ्या त्या बाईचाच मुलगा, झोळीत वाढलेला. त्याला मुलगा झालाय. पाळणा डोक्यावर घेतला, दारात वाकून बाहेर पडला आणि मागे वळून म्हणाला, "काकी, याला काय लावू? घरात खोबरेल हाय."

"काही लावू नको रं," मी म्हटलं. "परत आला की मी बघते."